तोंडाने दिलेलं सलाईन



मृगाचे दोन-तीन पाऊस पडले की आपल्या गावात काही गोष्टी न सांगता येतात. नळाला गढूळ पाणी येतं, माश्या वाढतात आणि घरोघरी कुणाला ना कुणाला ढाळ लागतात. आपण म्हणतो, "पाणी बदललं, दुसरं काय!" बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत पोट थांबतंही. पण एखाद्या घरात ते थांबत नाही. सकाळी अंगणात खेळणारं लेकरू संध्याकाळी मान टाकतं. मग घरातली वडीलधारी म्हणतात, "पाणी देऊ नका, पाणी दिलं की जुलाब वाढतात." आजही आपल्या बैठकीत हात वर करायला सांगितले, तर हे वाक्य ऐकलेल्या निम्म्या जणी तरी निघतील.

आज मी याच वाक्याचा इतिहास सांगणार आहे. बीएला माझा विषय इतिहासच होता. लढाया, तह, सनावळ्या सगळं पाठ केलं. पण आपल्या देशात लढायांपेक्षा कितीतरी जास्त माणसं ज्या आजाराने गेली, त्या पटकीवर कधी एक प्रश्न आला नाही. पटकी म्हणजे कॉलरा. ढाळाच्या आजारांतला सगळ्यांत वेगाने जीव घेणारा. पोटातल्या पाण्याचं काय करायचं, हे माणसाला या पटकीनेच शिकवलं.

१८१७ हे साल आपल्याला पेशवाईच्या शेवटच्या लढायांमुळे ठाऊक असतं. त्याच वर्षी बंगालमधल्या जेसोर भागात पटकीची मोठी साथ उठली. नोव्हेंबरात ती बुंदेलखंडात तळ ठोकून बसलेल्या इंग्रज गव्हर्नर जनरलच्या फौजेत शिरली आणि पुढच्या वर्षी मुंबईपर्यंत येऊन पोहोचली. तिथून ती जहाजांतून, काफिल्यांतून जगभर फिरली. त्याआधी हा रोग आपल्याकडे नव्हता असं नाही, पण असा वणव्यासारखा पसरलेला लोकांनी पाहिला नव्हता.

आपल्या गावांनी याला आपल्या परीने तोंड दिलं. गावाच्या शिवेवर मरीआईचं ठाणं असतं ना, ते याच भीतीतून आलेलं. साथ आली की मरीआईचा गाडा सजवायचा, त्यात हळदकुंकू, नैवेद्य, लिंबं ठेवायची आणि गाडा आपल्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा. आज कुणी हसेल. मला हसू येत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जातोय, औषध नाही, कारण कळत नाही, अशा वेळी हातात एवढंच होतं.

आषाढी वारीवरही पटकीचं सावट असायचं. लाखभर माणसं एका गावात, पावसाळ्याचे दिवस, नदीचंच पाणी आंघोळीला आणि नदीचंच पिण्याला. वारी परतली की तिच्याबरोबर रोगही गावोगाव परते. दोष वारकऱ्यांचा नव्हता, पाण्याचा होता. पुढे वारीला निघणाऱ्यांना पटकीची सुई टोचून घ्यावी लागे, ते आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना आठवत असेल. दंडावर टोचलं की दोन दिवस हात वर होत नसे.

आता शिकलेल्या डॉक्टरांचं बघू. त्या काळातले गोरे डॉक्टर पटकीच्या रोग्याचं काय करत? त्याची शीर कापून रक्त काढत. पारा घातलेलं रेचक देत. अफू देत. आणि पुष्कळ जण पाणी तोडत. अंगातलं पाणी संपल्यामुळे जो माणूस मरायला टेकलाय, त्याचं उरलंसुरलं रक्तही काढून घ्यायचं! म्हणजे "पाणी देऊ नका" हा समज एकट्या आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आज्यांचा नव्हता. मोठ्या मोठ्या पदव्या घेतलेल्यांचाही तोच होता.

पहिल्यांदा नीट पाहिलं ते ओशॉनेसी नावाच्या एका आयरिश तरुण डॉक्टरने. वय बाविशीच्या आसपास. १८३१-३२ मध्ये इंग्लंडात साथ असताना त्याने रोग्यांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, या रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत घाला. स्कॉटलंडमधल्या थॉमस लॅट्टा नावाच्या डॉक्टरने १८३२ मध्ये तसं करून पाहिलं. मरणाच्या दारातल्या रोग्यांच्या शिरेत मीठपाणी सोडलं आणि त्यांतले काही उठून बसले. आज आपण ज्याला सलाईन म्हणतो, त्याची सुरुवात ती. पण सुया धड नव्हत्या, पाणी निर्जंतुक नव्हतं, ही गोष्ट मागे पडली. गंमत म्हणजे ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारयंत्र घालणारा म्हणून नाव कमावून गेला. त्याचं पटकीचं काम लोक जवळजवळ विसरले.

रोग पाण्यातून येतो हे कळायलाही वेळ लागला. १८५४ मध्ये लंडनला जॉन स्नो या डॉक्टरने घरोघर फिरून मयतांची नोंद केली. एका हापशाभोवतीच जास्त माणसं गेलीत, हे त्याने दाखवलं आणि त्या हापशाचा दांडा काढायला लावला. १८८४ मध्ये जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला. विसाव्या शतकात सलाईन सुधारलं आणि दवाखान्यात पोहोचलेला रोगी वाचू लागला.

दवाखान्यात पोहोचलेला, हे नीट ऐका. कारण पटकी शहरातल्या दवाखान्याजवळ येत नव्हती. ती यायची चिखलाने रस्ता बंद झालेल्या गावात, जिथे सलाईनची बाटलीही नाही आणि ती लावणारा हातही नाही. तोंडाने मीठपाणी पाजलं तर ते पोटात टिकत नसे, जुलाबात निघून जाई. मग करायचं काय?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात होतं. ते होतं साखरेत.

कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने देऊन रोगी बरे केले होते आणि तसं छापलंही होतं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. सात वर्षांनी रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यामागचं कारण मांडलं. मी ते माझ्या भाषेत सांगते. जुलाबाने बिघडलेल्या आतड्याला नुसतं मीठ आत घेता येत नाही. पण साखर सोबत असली, तर साखरेचा हात धरून मीठ आत शिरतं आणि मिठाच्या मागोमाग पाणी आत येतं. मात्र हात धरायला जेवढी लागते तेवढीच साखर हवी. साखर जास्त झाली तर ती उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून जुलाब लागलेल्या पोराला बाटलीतलं थंड पेय पाजणं हे औषध नव्हे, त्रास आहे. १९६८ मध्ये ढाक्याला डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी मीठ-ग्लुकोजच्या पाण्याचं माप बसवून दाखवलं. पण तेही दवाखान्यात, डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली. खेड्यातल्या अडाणी माणसाच्या हातात हे द्यायचं? छे, असंच सगळे म्हणत होते.

मग आलं १९७१. बांगलादेशाचं युद्ध. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून जवळपास एक कोटी माणसं आपल्या देशात आली. पाऊस मी म्हणत होता. हद्दीजवळच्या बनगाव इथे साडेतीन लाखांच्या आसपास निर्वासित होते आणि त्यांच्यात पटकी शिरली. तिथल्या दवाखान्यात पटकीच्या रोग्यांसाठी दोन खोल्या. खाटा भरल्या, मग जमीन भरली. दिलीप महालनोबिस नावाचे बालरोगतज्ज्ञ तिथे गेले. त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय की सलाईन लावायला त्यांना रोग्यांच्या जुलाब-उलट्यांत गुडघे टेकून बसावं लागे. तशात सलाईनचा साठा संपत आला.

डॉक्टर महालनोबिस यांनी ठरवलं, तोंडाने द्यायचं. कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज वजन करून पिशव्या भरल्या. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. ते पाण्यात कालवून तोटीच्या पिंपांत भरलं. आणि द्यायला कोण? माणसं नव्हतीच. मग रोग्याची आई, बहीण, नवरा, जो कोणी जवळ असेल, त्याच्या हातात कप दिला आणि सांगितलं, पाजत राहा.

शिबिरातले पटकीचे रोगी आधी शंभरात तीसच्या आसपास दगावत होते. या पाण्याने ते प्रमाण साडेतीन-चारवर आलं. पिंपाजवळ बसलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, घरदार गमावलेल्या बायांनी ही माणसं वाचवली. मी हा इतिहास वाचला तेव्हा सगळ्यांत जास्त थबकले ती इथेच. कारण पुस्तकांत डॉक्टरांचं नाव आहे आणि ते असायलाच हवं, पण त्या कप धरणाऱ्या हातांचं नाव कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या रेडिओसाठी. हे पाणी कसं करायचं त्याची पत्रकं त्यांनी सीमेवर वाटली आणि बांगलादेशी लढवय्यांच्या गुप्त रेडिओवरून ती कृती सांगितली गेली. नाव दिलं, तोंडाने घ्यायचं सलाईन. कारण सलाईन म्हणजे ताकदीचं औषध हे लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. नुसतं मीठ-साखरेचं पाणी म्हटलं असतं तर कुणी किंमत दिली नसती. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? आशाताईने पाकीट दिलं की ते फडताळात पडून राहतं आणि पोटात पाणी ठरत असूनही दोनशे-चारशे रुपये देऊन "सलाईन लावा" म्हणून आपणच हट्ट धरतो.

१९७८ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकाने या शोधाला शतकातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांच्या पंगतीत बसवलं. डॉक्टर महालनोबिस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पण शोध लागला म्हणजे तो घरात पोहोचला असं होत नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं एक काम केलं, ते बचत गटांनी ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या कार्यकर्त्या दारोदार जाऊन आईला शिकवत. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून जास्त घरं त्यांनी अशी पायी पालथी घातली. कार्यकर्तीला पगार नुसत्या भेटींचा नव्हता. काही दिवसांनी दुसरं कुणीतरी जाऊन काही आयांना विचारायचं, आणि त्यांना जेवढं आठवेल त्या मानाने कार्यकर्तीला पैसे. तरी सुरुवातीला अजब झालं. आयांना सगळं पाठ होतं, पण घरात जुलाब लागले की ते पाणी करणाऱ्या फारच थोड्या. चौकशी केल्यावर कळलं की शिकवणाऱ्या बायांचाच त्यावर विश्वास नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरी त्या गोळ्या आणत होत्या! शिवाय पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं आणि पैसा, दवाखाना हे निर्णय त्यांच्या हातात. मग आधी कार्यकर्त्यांना नीट समजावलं, मशिदीत आणि बाजारात पुरुषांशी बोलणं केलं, तेव्हा गाडी रुळावर आली. आपल्या बैठकीत आपण सासूला आणि नवऱ्याला का बोलवावं, ते यातून कळतं.

आता आपल्या घरचं बोलू. गूळ-मिठाच्या चिमटीपेक्षा आज सोपं साधन आपल्याकडे आहे. ओआरएसचं पाकीट आशाताईकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात फुकट मिळतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्याला, सगळंच्या सगळं एकदम. अर्धं आज, अर्धं उद्या करू नका, माप चुकतं. एक लिटर पाणी कुठवर येतं त्याची खूण आपल्या एखाद्या तांब्यावर किंवा पातेल्यावर आजच करून ठेवा. पाणी उकळून गार केलेलं. कालवलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. दुकानातून घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते बघा. फळांच्या चवीचं गोड खोकं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते ओता आणि पुन्हा करा. मीठ जास्त झालं तर लहान बाळाला घात होतो.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसाला हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा, बंद करू नका. अंगावरचं दूध चालूच ठेवा. खायलाही द्या, भाताची पेज, मऊ खिचडी, ताक. मुलांसाठी आशाताई जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्यायच्या. दोन दिवसांनी पोर खेळायला लागलं की आपण पुडी बाजूला टाकतो, तसं नको.

पण घरचं पाणी कुठे पुरत नाही? हे मी दोनदा सांगणार आहे, पेन असेल तर लिहून घ्या. बाळ सुस्त पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही. डोळे खोल गेलेत. तान्ह्याची टाळू खोल गेलीय. रडतंय पण डोळ्यात पाणी नाही. सहा-आठ तासांत लघवी नाही. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जात नाही, सुरकुतीसारखी उभी राहते. पाणी पिता येत नाही किंवा प्यायलेलं सगळंच्या सगळं उलटून पडतंय. शौचात रक्त आहे. झटका आला. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नुसते जुलाब लागले तरी दाखवायचं. मोठ्या माणसाला तांदळाच्या धुवणासारखे पातळ पाण्याचे जुलाब धो धो लागले, हातापायांत गोळे यायला लागले, तर तीच पटकी असू शकते, तेव्हाही थेट दवाखाना. वाटेतही पाणी पाजत जायचं. आणि एकाच आळीत दोन-तीन घरी असं झालं तर ग्रामपंचायत आणि उपकेंद्राला त्याच दिवशी कळवा, म्हणजे पाणी तपासलं जाईल. लंडनच्या त्या डॉक्टरने घरं मोजूनच हापसा शोधला होता.

आता पुन्हा एकदा, सावकाश. सुस्ती, खोल डोळे, खोल टाळू, अश्रू नाहीत, लघवी नाही, उभी राहणारी कातडी, पाणी न पिणं, सगळं उलटून पडणं, रक्त, झटका.

पावसाळ्याचं झालं. हिवाळ्यात पोरांचा जीव घेतो तो न्यूमोनिया, आणि त्याची खूण ओळखायचं काम तर आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, खेड्यातल्या बायांनी करून दाखवलंय. डॉक्टर राणी आणि अभय बंग यांच्या सर्च संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या गावांत आरोग्य सेवक आणि सुईणी तयार केल्या. न्यूमोनिया ओळखायला आला म्हणजे श्वास मोजता यायला हवेत. पण कित्येक सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्याजवळ मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनिया समजायचा. ज्या गावांत हे झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू बाकीच्या गावांच्या मानाने निम्म्यापर्यंत खाली आले. १९९० मध्ये ते लॅन्सेटमध्येच छापून आलं.

आपल्याकडे मणी नाहीत, पण मोबाइलमध्ये घड्याळ आहे. बाळ शांत असताना, झोपलेलं असलं तर उत्तम, पोटावरचं झबलं वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त, तर दाखवायला न्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, उचला आणि निघा. छातीला बिब्बा किंवा डाग देऊन बघू, हे नको.

निघायचं कसं, तेही ठरवून ठेवा. १०८ ला फोन लावा. पण रात्री ओढ्याला पाणी असलं तर गाडी अलीकडे येणार नाही, म्हणून गावात जीप किंवा ट्रॅक्टर कुणाकडे आहे त्यांचे दोन-तीन नंबर गटाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्या भागातल्या काही गटांनी ठराव करून ठेवलाय. आजारपणासाठी पेटीतून दोन हजारांपर्यंत रक्कम अध्यक्ष आणि सचिव या दोघींनी रात्री-अपरात्री द्यायची आणि बाकीच्यांची सही पुढच्या बैठकीत घ्यायची. पेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती बाई माहेरी गेली तर कुणाकडे असते, हे या महिन्याच्या बैठकीत विचारून घ्या.